नकाशावरची रेघ म्हणजे वाट नव्हे!

पावसाळ्यातली शुक्रवारची रात्र. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटजवळ, अंधेरीला हायवेवर, मुलुंड चेकनाक्याला पाठीवर सॅक घेतलेली मुलं-मुली बसची वाट बघत उभी असतात. घाटकोपरहून काही जण रात्रीची कसारा लोकल पकडतात. तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक फाइल टाकतं आणि खाली लिहितं, ‘जीपीएक्स टाकलाय, टेन्शन नॉट!’ फाइल उघडली की नकाशावर एक निळी रेघ दिसते. पायथ्याच्या गावापासून थेट माथ्यापर्यंत. बस्स, आता चुकायचा प्रश्नच नाही!

इथे जरा थांबूया. ही रेघ कोणी काढली? कोणत्या महिन्यात काढली? ज्याने काढली तो धड पोहोचला होता, की मध्येच चुकून परत फिरला होता? आणि उद्या तुम्ही चालून आलात, स्वतःची रेघ अपलोड केलीत, तर ती कोण कोण बघणार?

ट्रेक, सायकलिंग किंवा सकाळचं धावणं रेकॉर्ड करणं आता इतकं सोपं झालंय की हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि बाहेरही जे घडलंय, ते बघता हे प्रश्न विचारायची सवय लावून घेतलेली बरी. म्हणून आज हा ट्रॅक बनतो कसा, तो कुठे फसवतो आणि तुमच्याबद्दल काय काय सांगतो, हे नीट समजून घेऊया.

उपग्रह तुम्हाला बघत नाही

आधी सगळ्यात मोठा गैरसमज दूर करूया. ‘सॅटेलाइट ट्रॅकिंग’ म्हटलं की वाटतं, वरून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. तसं काही नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एकच काम करतात. ‘मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत’ असा संदेश रेडिओ लहरींवर सोडत राहतात. तुमचा फोन तो नुसता ऐकतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून तो उपग्रह किती लांब आहे, हे फोन काढतो. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की फोनला स्वतःची जागा कळते. उलट दिशेने फोन काहीच पाठवत नाही. तुम्ही रेडिओ लावला की आकाशवाणीला तुमचा पत्ता कळतो का? तसंच हे.

अमेरिकेच्या जीपीएससोबत आजचे फोन रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि काही फोन आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही ऐकतात. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. आणि एक जुनी गोष्ट. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती भेसळ बंद झाली आणि मगच ट्रेकरच्या हातातला जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जागा कळायला मोबाइल नेटवर्क लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर असला, तरी लोकेशन चालू ठेवल्यास ट्रॅक रेकॉर्ड होतो. फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. दुसरी, तुमच्यावर नजर असेल तर ती उपग्रहाची नाही. तुम्ही ज्या ॲपला परवानगी दिली आणि ज्या लोकांसमोर ट्रॅक टाकला, त्यांची आहे.

जीपीएक्स फाइलमध्ये असतं काय?

जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल आहे. ती फोनच्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. आत हजारो बिंदूंची यादी असते. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, बहुतेक वेळा उंची आणि तारीख-वेळ. दर सेकंदाला एक बिंदू धरला तर चार तासांच्या ट्रेकमध्ये १४,४०० बिंदू होतात. नकाशाचं ॲप हे बिंदू एकापुढे एक जोडतं, की झाली आपली निळी रेघ.

आकड्यांचं एक गणित माहीत असू द्या. अक्षांशात दशांश चिन्हानंतर दोन आकडे असतील तर अचूकता साधारण एक किलोमीटरची असते. पाच आकडे असतील तर साधारण एक मीटरची. फाइलमध्ये सहसा पाच किंवा जास्तच आकडे असतात. म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली जागा तुमच्या सोसायटीच्या गेटइतकी बारीक असते.

ही फाइल बघायला ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमअँड अशी ॲप आहेत, ती ऑफलाइनही चालतात. गुगल अर्थ आणि गुगलच्या माय मॅप्समध्येही ती टाकता येते. तिथे सॅटेलाइटच्या फोटोवर रेघ चढवली की घळ कुठे, पठार कुठे, झाडी कुठे संपते, हे घरबसल्या दिसतं. ट्रेकच्या आदल्या दिवशी यावर अर्धा तास घालवणं ही खरंच चांगली सवय आहे. फक्त दिसतंय ते कसं वाचायचं, हे कळायला हवं.

रेघ कुठे फसवते?

मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसमध्ये साधारण पाच मीटरची चूक धरून चालायची असते. अंधेरीच्या रस्त्यावर पाच मीटर म्हणजे हा फुटपाथ की तो, एवढाच फरक. सह्याद्रीच्या कड्यावर मात्र वाट आणि दरी यांच्यात कधी कधी तेवढंही अंतर नसतं. त्यात उंच कातळाजवळ किंवा घळीत सिग्नल भिंतीवर आपटून येतो, त्यामुळे चूक आणखी वाढते. अंधेरी-घाटकोपरच्या टॉवरांमध्ये कॅबचं लोकेशन पलीकडच्या गल्लीत दिसतं ना? कारण तेच.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरी वाचवायला ॲप दर सेकंदाऐवजी वीस-तीस सेकंदांनी बिंदू घेतं. मग वाटेतली वळणं गाळली जातात आणि दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ येते. नकाशावर ती सरळ चढण वाटते. प्रत्यक्षात तिथे नागमोडी वाट असते, आणि सरळ गेलात तर घसारा.

तिसरी गोष्ट उंची. काही ॲप जुहू चौपाटीवर उभं राहिलं तरी उंची उणे ६० मीटरच्या आसपास दाखवतात. फोन बिघडलेला नसतो. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार धरून उंची मोजतो आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साधारण ६०-६५ मीटर खाली आहे. चांगली ॲप ही दुरुस्ती करतात, सगळी करत नाहीत. त्यामुळे १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर पोहोचूनही फोनने कमी आकडा दाखवला, तर शिखर अजून वर आहे असं समजून शोधत बसू नका!

या झाल्या तांत्रिक चुका. त्याहून मोठी फसगत वेगळीच आहे. रेघ फक्त एवढंच सांगते की एक फोन एकदा इथून गेला. तो कोणाच्या हातात होता, हे ती सांगत नाही. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईहून वर जाणारी वाट सोपी आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी त्यापेक्षा लांब. आणि बेलपाड्याहून नळीची वाट आहे, तिथे कातळारोहणाची तयारी आणि जाणकार सोबती लागतात. तिन्ही रेघा एकाच माथ्यावर पोहोचतात. स्क्रीनवर तिन्ही एकसारख्या दिसतात, आणि नळीची वाट तर अंतर कमी दिसतं म्हणून मोहातही पाडू शकते.

शिवाय रेघ कधी गुराखी गेला त्या ढोरवाटेवरून जाते, कधी फोटो काढायला कोणी कड्याच्या टोकाशी गेलेलं असतं तिथे जाते. डोंगरातली माणसं ढोरवाट आणि खरी वाट यातला फरक पायाखालच्या जमिनीवरून ओळखतात. नकाशावर दोन्ही निळ्याच.

तारीख बघितलीत का?

प्रत्येक बिंदूला वेळ चिकटलेली असते, हे वर बघितलं. ट्रॅक वाचताना सगळ्यात आधी तीच बघा. जानेवारीतल्या रेघेवर जो ओढा पावलं न भिजवता ओलांडलाय, तोच जुलैत कंबरेइतका असू शकतो.

आणि कधी कधी प्रश्न ऋतूचाही राहत नाही. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाची नेहमीची वाट इर्शाळवाडीतून जायची. अनेक ट्रेकर तिथे टेकून पाणी पिऊन पुढे जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली, माणसांसकट. त्याआधी रेकॉर्ड झालेल्या रेघा मात्र आजही त्या वाडीतूनच जातात. डोंगर बदलला तरी जुनी फाइल आपोआप बदलत नाही.

सरकारी आदेशांचंही तेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धोकादायक ठिकाणांसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढले. रायगड, ठाण्यातही पावसाळ्यात असे आदेश निघतात. पण धबधब्याच्या कुंडाशी जाणाऱ्या रेघेवर ‘सध्या बंद’ अशी पाटी कोण लावणार? ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, असं राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण सांगतं. ग्रुपवर फिरणाऱ्या फाइलला मात्र अशी कुठली चाळणी नाही.

नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण ट्रेकर मंडळींना जवळचं आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्यात गेली. फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा तरुण वाचला नाही. हा तर डांबरी रस्ता होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या नकाशांपैकी एकावरचा. मग कोणीतरी अनोळखी माणसाने जंगलात काढलेल्या रेघेवर किती भरवसा ठेवायचा?

आपल्या दारातलं जंगल

आता घराजवळ येऊया. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला बोरिवली, गोरेगावची आरे, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप आणि ठाण्याचं येऊर. मध्ये तुळशी आणि विहार तलाव. उपनगरातल्या लाखो लोकांच्या खिडकीतून हे जंगल दिसतं, त्यामुळे ते आपलंच मैदान वाटतं.

जंगलात पायवाटा पुष्कळ आहेत. वारली पाड्यांतल्या लोकांच्या रोजच्या वाटा, वनरक्षकांच्या गस्तीच्या वाटा, पाण्याच्या पाइपलाइनच्या बाजूच्या वाटा. कोणीतरी त्यातल्या एखाद्या वाटेवर ट्रॅक रेकॉर्ड करतं, ऑनलाइन टाकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा ‘ट्रेल’ आहे. पण ठरलेल्या भागाबाहेर राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. पाड्यातल्या माणसासाठी जी घरची वाट आहे, ती मुलुंडहून भिंत ओलांडून येणाऱ्यासाठी घुसखोरी ठरते. रेघेत हा फरक उमटत नाही.

आणि त्या वाटेवर आपण एकटे नसतो. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या परिसरात ४७ बिबटे नोंदवले गेले. बिबट्यालाही झुडपातून जाण्यापेक्षा मळलेली वाटच आवडते. अभ्यासकांनी कॅमेरे पायवाटांच्या कडेला लावले, ते त्यामुळेच. पहाटे पाचला किंवा अंधार पडल्यावर त्याच वाटेवर धावण्याचा ट्रॅक टाकून आपण शंभर जणांना तिथे बोलावतो, तेव्हा धोका माणसालाही असतो आणि जनावरालाही. एखादा प्रसंग घडला की ‘बिबट्याला हटवा’ ही मागणी येतेच.

मग जंगलात जायचंच नाही का? तर तसं नाही. उद्यानात शिलोंडासारख्या वाटांवर परवानगी काढून, मार्गदर्शकासोबत जाता येतं. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. आणि जंगलात काही दुर्मीळ दिसलंच, तर आयनॅचरलिस्टसारखी व्यासपीठं काय करतात ते बघा. धोक्यात असलेल्या प्रजातींची नेमकी जागा ती आपोआप धूसर करतात. फोटो दिसतो, नोंद होते, पण शिकाऱ्याला पत्ता मिळत नाही. आपणही ट्रॅक शेअर करताना इतपत विचार करू शकतो.

तुमची रेघ तुमच्या गेटपर्यंत जाते

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या सुमारे १०० कोटी ॲक्टिव्हिटींचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. जिथे जास्त लोक धावले, तिथे जास्त उजेड. कोणाचंच नाव नाही, म्हणजे सगळं सुरक्षित, असं वाटलं. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया, अफगाणिस्तानसारख्या ठिकाणी वाळवंटाच्या अंधारात मध्येच रेघांचे चौकोन उजळलेत. ते लष्करी तळ होते, आणि रेघा म्हणजे सैनिकांची सकाळची दौड. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच वृत्तपत्राने दाखवून दिलं की मोठमोठ्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या उघड्या प्रोफाइलवरून नेते कुठे उतरणार, याचा माग काढता येतो.

‘आपण कुठे राष्ट्राध्यक्ष!’ असं म्हणाल. पण हिशेब तोच आहे. बोरिवलीतली एखादी मुलगी आठवड्यातून चार दिवस पावणेसहाला घरून निघून धावते आणि प्रोफाइल सगळ्यांसाठी उघडं आहे, असं समजा. महिन्याभराच्या रेघा एकावर एक ठेवल्या की सगळ्या एका बिंदूतून सुरू होतात. तो बिंदू म्हणजे सोसायटीचं गेट. पंचवीस मजली टॉवरमध्ये मजला कळणार नाही, हे खरं. पण गेट कोणतं, निघायची वेळ काय आणि अंधारातला रस्ता कोणता, हे कळलं. मागे लागणाऱ्याला अजून काय हवं?

ॲपमध्ये यावर उपाय आहे. स्ट्राव्हात सुरुवातीचा आणि शेवटचा भाग १.६ किलोमीटरपर्यंत लपवता येतो. पण तोही शंभर टक्के नाही. बेल्जियमच्या केयू ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की लपवलेल्या भागाचं अंतर एकूण अंतरात मोजलं जात असेल, तर आजूबाजूच्या रस्त्यांच्या आधारे लपवलेली जागा बऱ्याचदा शोधून काढता येते. म्हणून जागा लपवाच, पण त्यासोबत ट्रॅक ‘फक्त फॉलोअर्स’ला दिसेल असं ठेवा, आणि फॉलोअर्सची यादीही एकदा चाळा.

‘आपल्याकडे आता कायदा आहे ना?’ आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण त्यातली एक मेख वाचा. जी माहिती व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे ‘एव्हरीवन’ हे बटण तुम्ही दाबलंत, तर कायद्याची ढाल तुम्हीच खाली ठेवलीत.

मग काहीच शेअर करायचं नाही?

उलट, घरच्यांना तर नक्की करा. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटा गेला आणि वाट चुकला. त्याने फोन करून घरच्यांना कळवलंही. मग फोन बंद झाला. अनेक पथकं शोधत होती, पण हाती मृतदेहच लागला. अशा वेळी ‘मी जंगलात आहे, वाट सापडत नाही’ या वाक्याने शोधणाऱ्याला फार थोडं कळतं. अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे मात्र शोधाचा परिसर कितीतरी लहान करतात. नेटवर्कची एकच दांडी असेल तरी साधा एसएमएस जाण्याची शक्यता कॉलपेक्षा जास्त असते. बोलण्यात बॅटरी संपवण्याआधी ते आकडे पाठवा आणि ११२ ला कळवा.

लाइव्ह लोकेशनवर सगळी मदार ठेवू नका. व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. रात्री अकराला मुलुंडहून निघताना चालू केलंत तर सकाळी सातला बंद. म्हणजे नेमकी चढण सुरू होताना! शिवाय त्याला इंटरनेट लागतं, जे घाटात नसतं. त्यापेक्षा निघण्याआधी घरी एक मेसेज ठेवा. कुठला डोंगर, कुठली वाट, पायथ्याचं गाव कोणतं, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. सोबत जाणार आहात ती जीपीएक्स फाइल.

‘परदेशात मिळतं तसं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र घेऊ का?’ असंही काही जण विचारतात. इथे सावध व्हा. जीपीएस नुसतं ऐकतं, ते कायदेशीर आहे. पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारी गार्मिन इनरीचसारखी उपकरणं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर असं उपकरण सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली. त्यानंतर प्रवाशांना याची कल्पना द्या, असं डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं. तेव्हा मावशी अमेरिकेहून येताना ‘तेवढं एक यंत्र आण’ असं सांगू नका.

रेघ बघताना, रेघ टाकताना

बघताना:

- एकाच वाटेचे निदान तीन ट्रॅक वेगवेगळ्या लोकांचे आणि वेगवेगळ्या तारखांचे उघडा. तिन्ही जिथे एकावर एक येतात तिथे वाट बरीचशी पक्की. जिथे फाटतात तिथे गोंधळ आहे.
- रेघेवर जिथे पुढे-मागे गुंता दिसतो, तिथे एक तर तो माणूस जेवायला बसला होता किंवा चुकला होता. बिंदूंच्या वेळा बघितल्या की कळतं.
- तुम्ही जाणार त्याच महिन्यातला, शक्यतो गेल्या वर्षभरातला ट्रॅक शोधा.
- ऑफलाइन नकाशा किमान दोघांच्या फोनवर ठेवा आणि पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत.
- पायथ्याच्या गावात विचारा. वाट बंद आहे का, ओढ्याला पाणी किती आहे, हे गावातल्या मामांना ॲपच्या आधी कळतं. वाटाड्या मिळाला तर घ्या, त्याला पैसे द्या.

टाकताना:

- ट्रॅक घरापासून नको, पायथ्याच्या गावापासून सुरू करा. आधीचा भाग कापून टाका.
- चुकलेला भाग एक तर काढा, नाहीतर ‘इथे चुकलो होतो’ असं तिथेच लिहा.
- परवानगी लागणाऱ्या जंगलातला ट्रॅक सार्वजनिक करू नका.
- ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणीही सुधारू शकतं आणि अनेक ॲप तोच वापरतात. तिथे एखाद्या पायवाटेला ‘प्रवेश नाही’ किंवा ‘परवानगी लागते’ अशी नोंद तुम्हीही जोडू शकता. एकदा जोडली की ती कितीतरी ॲपपर्यंत पोहोचते. बोरिवली-मुलुंडच्या मंडळींना यात बरंच करता येईल.

आणि पुढच्या शुक्रवारी ग्रुपवर फाइल टाकाल, तेव्हा ‘टेन्शन नॉट’ऐवजी चार ओळी लिहा. उदाहरणार्थ: ‘जानेवारीतला ट्रॅक आहे. दुसऱ्या पठारावर आम्ही वीस मिनिटं चुकलो होतो, तिथे जपून. शेवटचा ओढा तेव्हा कोरडा होता, आता पाणी असेल. गावात विचारूनच वर जा.’ टाइप करायला एक मिनिट लागतं, आणि मागून येणाऱ्याला त्या निळ्या रेघेपेक्षा याच चार ओळींचा उपयोग जास्त होईल.